चौथ्या खांबाला आरसा दाखवणारी एक सीडी

मंडळी, आज जरा वेगळा विषय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात पुतण्या घरी आला होता. कॉलेजात आहे, कानात सदानकदा इअरफोन. मला म्हणाला, "काका, तुम्ही पत्रकार ना? मग हे ऐकाच." आणि एक इअरफोन माझ्या कानात कोंबला. इंग्रजी रॅप. माणूस श्वास न घेता बोलत होता. निम्मं डोक्यावरून गेलं. मग पोराने मोबाईलवर शब्द काढून दिले, तेव्हा कुठे कळलं.

गाण्याचं नाव 'द फोर्थ ब्रँच'. म्हणजे चौथी शाखा. अमेरिकेच्या राज्यघटनेत सरकारच्या तीन शाखा आहेत: काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, अध्यक्ष आणि न्यायालय. या गाण्यातली चौथी शाखा म्हणजे प्रसारमाध्यमं. आपण ज्याला लोकशाहीचा चौथा खांब म्हणतो, तेच. फरक एवढाच की आपण ते अभिमानाने म्हणतो, पत्रकार दिनाला हार घालून घेताना म्हणतो. हा गडी मात्र शिवी दिल्यासारखा म्हणतो. त्याचं सांगणं असं, की खांबबिंब काही नाही, माध्यमं ही सरकारचीच आणखी एक शाखा झालीय.

वीसेक वर्षं या धंद्यात आहे. खरं सांगतो, लागलं मनाला. मग बसलो त्याच्यामागे. तो कोण, गाणं कधीचं, कुठल्या परिस्थितीतलं, त्याचं म्हणणं खरं ठरलं का, हे सगळं शोधलं. ते तुमच्यासमोर ठेवतो.

*

या रॅपरचं नाव इम्मॉर्टल टेक्निक. खरं नाव फेलिपे आंद्रेस कोरोनेल. जन्म १९७८ चा, पेरू देशातल्या लिमा शहरातला. दोनेक वर्षांचा असताना आईबाप न्यूयॉर्कला आले आणि पोरगा हार्लेममध्ये वाढला. हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्या आणि लॅटिन अमेरिकन लोकांची मोठी वस्ती. पोरगा हुशार होता, चांगल्या शाळेत होता, पण डोक्याने भडक. मारामाऱ्या, पोलिसांच्या चकरा. कॉलेजसाठी पेनसिल्व्हेनियात गेला, तिथेही हाणामारी केली आणि त्यात साधारण वर्षभर तुरुंगात काढलं.

१९९९ मध्ये पॅरोलवर बाहेर आला. वडिलांच्या सांगण्यावरून न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात राज्यशास्त्राचे वर्ग केले. तुरुंगात वाचन सुरू झालं होतं, लिहिणंही. आता तो रॅपच्या 'बॅटल'मध्ये उतरायला लागला. बॅटल म्हणजे काय, तर आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचाच प्रकार समजा. दोघे समोरासमोर, पब्लिक भोवती, जागच्या जागी रचायचं आणि समोरच्याला गप्प करायचं. त्यात त्याचं नाव झालं.

२००१ मध्ये त्याने पहिला अल्बम काढला, 'रेव्होल्यूशनरी व्हॉल्यूम १'. कंपनी नाही, वितरक नाही, दुकानात जागा नाही. सीडी स्वतः छापून घेतल्या आणि रस्त्यावर, कार्यक्रमांच्या बाहेर, हातोहात विकल्या. समोरच्याला थांबवायचं, दोन ओळी ऐकवायच्या, पटलं तर पैसे घ्यायचे. अशा हजारो सीडी गेल्या.

नोव्हेंबर २००२ मध्ये 'द सोर्स' या हिप-हॉपच्या सगळ्यात वजनदार मासिकाने त्याला 'अनसाइन्ड हाइप' या सदरात घेतलं. करार न झालेल्या नव्या कलाकारांचं हे सदर. नोटोरियस बीआयजी आणि एमिनेम याच सदरातून पुढे आलेले. या सदरात नाव आलं की पुढची पायरी ठरलेली: मोठी कंपनी, मोठा चेक. याच्याकडेही कंपन्या आल्या. याने करार नाकारले.

*

का नाकारले? इथे थोडा हिशोब समजून घेऊ, कारण सगळी गोम त्यातच आहे.

मोठ्या कंपनीचा करार म्हणजे आधी आगाऊ रक्कम. ती बक्षीस नसते, उचल असते. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो ना, तशीच. रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा खर्च, सगळं त्या खात्यावर चढतं. कलाकाराचा वाटा विक्रीच्या साधारण दहा-पंधरा टक्के, आणि त्यातून आधी उचल फिटते. लाखांनी विक्री होऊनही कलाकार कंपनीचा देणेकरी, अशी उदाहरणं ढिगाने आहेत. वर मूळ ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? तर कंपनी. आणि काय गायचं, कुठलं गाणं बाहेर जाईल, हे ठरवण्यात तिचा शब्द मोठा.

दुसरी गोष्ट रेडिओची. त्या काळात गाणं लोकांपर्यंत जायचं ते रेडिओवरून. १९९६ मध्ये अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा आला. त्याआधी एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं घ्यायची यावर मर्यादा होती, जेमतेम ४०. ती देशपातळीवरची मर्यादाच उठवली. क्लिअर चॅनल नावाच्या एकाच कंपनीकडे काही वर्षांत सुमारे १२०० केंद्रं झाली. गावागावात वेगळी केंद्रं, वेगळी नावं, पण मालक एक. काय वाजेल हे दूर कुठल्यातरी ऑफिसात ठरणार.

अशा बाजारात युद्धावर, तुरुंगांवर, माध्यमांच्या मालकांवर तोंडावर बोलणारं गाणं कोण वाजवणार? या पोराला ते कळलं होतं. त्याने ठरवलं, आपला माल आपणच विकायचा. कमी विकला जाईल, पण त्यात काय असेल ते आपण ठरवू.

*

आता २००३ साल. हे साल नीट आठवा.

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडले. त्यानंतर अफगाणिस्तानात फौजा गेल्या. मग वर्षभरात बोलणं सुरू झालं इराकचं. सद्दाम हुसेनकडे महासंहारक शस्त्रं आहेत, तो अणुबॉम्ब बनवतोय, वगैरे.

८ सप्टेंबर २००२, रविवार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी: इराक विशिष्ट प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घ्यायच्या खटपटीत आहे, त्या अणुकार्यक्रमासाठी आहेत. बातमीचा आधार सरकारी अधिकारी, तेही नाव न सांगता. आणि त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर बसून म्हणाले, बघा, 'टाइम्स'मध्येसुद्धा आलंय. समजलं का? सरकारने आतून माहिती सोडायची, पेपरने छापायची, मग सरकारनेच पेपरचा दाखला द्यायचा. आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर हा खेळ मी कितीदा पाहिलाय! तिथे तो देश पेटवण्यासाठी खेळला गेला.

मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला. त्याच्या आगेमागे काय वातावरण होतं त्याच्या दोन गोष्टी सांगतो. एमएसएनबीसी वाहिनीवर फिल डोनाह्यू हा जुना, नावाजलेला सूत्रसंचालक होता. युद्धाला विरोध करणाऱ्यांना तो कार्यक्रमात बोलवायचा. फेब्रुवारीत त्याचा कार्यक्रम बंद झाला. नंतर वाहिनीचा आतला कागद बाहेर आला. युद्धाच्या दिवसांत असा चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल, अशी चिंता त्यात होती.

दुसरी गोष्ट डिक्सी चिक्स या गायिकांची. १० मार्चला लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्यातली एक जण म्हणाली की अध्यक्ष बुश आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. बस. एवढं एक वाक्य. देशभर त्यांच्या सीडी तुडवल्या गेल्या, कंट्री संगीत वाजवणाऱ्या केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली. काल-परवापर्यंत यादीत वर असलेल्या गायिका एका वाक्याने गायब.

आणि लोकांच्या डोक्यात काय होतं? २००३ च्या सप्टेंबरमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने एक पाहणी छापली. दहापैकी जवळजवळ सात अमेरिकनांना वाटत होतं की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा हात असण्याची शक्यता आहे. त्याचा पुरावा कुणीच दिलेला नव्हता.

याच वर्षी न्यूयॉर्कचाच आणखी एक रॅपर घराघरात पोचला, फिफ्टी सेंट. फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यातच ८ लाख ७२ हजार प्रती खपल्या. त्याला नावं ठेवायची नाहीत, तोही गरिबीतून, गोळ्या खाऊन वर आलेला. पण बाजार कशाला मोठं करतो आणि कशाला नाही, हे कळावं म्हणून सांगितलं.

*

या वातावरणात १८ नोव्हेंबर २००३ ला इम्मॉर्टल टेक्निकचा दुसरा अल्बम आला, 'रेव्होल्यूशनरी व्हॉल्यूम २'. व्हायपर रेकॉर्ड्स या छोट्या, स्वतंत्र कंपनीकडून.

सुरुवातीचा आवाज कुणाचा आहे माहितीये? मुमिया अबू-जमाल. एका पत्रकाराचा. फिलाडेल्फियातला हा रेडिओ पत्रकार, तरुणपणी ब्लॅक पँथर पक्षाचा कार्यकर्ता. डिसेंबर १९८१ मध्ये डॅनियल फॉकनर या पोलिसाच्या खुनाच्या आरोपावरून पकडला गेला, १९८२ मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्याचे समर्थक म्हणतात खटला पक्षपाती होता. फॉकनरचं कुटुंब आणि पोलीस म्हणतात तोच खुनी. कोर्टाने दोषी ठरवलेलं आजवर कायम आहे, फाशी मात्र पुढे जन्मठेपेत बदलली. १९९४ मध्ये सार्वजनिक रेडिओवर त्याची तुरुंगातली भाष्यं लागणार होती, विरोध झाल्यावर ती रद्द झाली. म्हणजे रेडिओने ज्याचा आवाज लावला नाही, त्याचा आवाज या पोराने अल्बमच्या पहिल्याच मिनिटाला लावला. ते पटो न पटो, पण ही निवड मुद्दाम केलेली होती.

पुढे येतं 'पेरुव्हियन कोकेन'. पत्रकार म्हणून मला सगळ्यात आवडलेलं गाणं हे. सात रॅपर, सात भूमिका. पहिला कोकाच्या शेतात राबणारा मजूर. मग त्याच्यावरचा मालक. मग त्या देशाचा भ्रष्ट सत्ताधीश. मग माल अमेरिकेत पोचवणाऱ्या यंत्रणेतला माणूस. मग शहरातला बडा धंदेवाला, मग वेष बदलून फिरणारा पोलीस, आणि शेवटी तुरुंगात सडणारा किरकोळ विक्रेता. प्रत्येक जण आपापली बाजू सांगतो आणि साखळी तुमच्यासमोर उभी राहते. आपल्याकडे वाळूची बातमी अशी लिहायला हवी. आपण काय लिहितो? 'अवैध वाळू वाहतूक करणारा ट्रॅक्टर पकडला.' ट्रॅक्टरवाल्याचं नाव, वय, गाव. ठेका कुणाचा, घाट कुणाचा, रात्रीचा फोन कुणाचा, ते बातमीत नसतं.

या गाण्यामागेही एक पत्रकाराची गोष्ट आहे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या 'सॅन होजे मर्क्युरी न्यूज' या पेपरात गॅरी वेब नावाच्या बातमीदाराने मालिका लिहिली. मध्य अमेरिकेत सीआयएने पोसलेल्या काँट्रा बंडखोरांशी संबंधित लोकांनी अमेरिकेच्या शहरांत कोकेन विकलं, असं त्यात होतं. सीआयएने चिडावं हे समजू शकतो. पण त्याच्यावर तुटून पडले ते देशातले तीन मोठे पेपर. मालिकेत काही ठिकाणी पुराव्यापेक्षा पुढची उडी होती, हे खरं. पण गाभा खोटा नव्हता. तस्करीचा संशय असलेल्या लोकांशी आपण संबंध तोडले नाहीत, हे १९९८ मध्ये सीआयएच्या स्वतःच्या चौकशी अहवालात आलं. तोपर्यंत वेबच्या पेपरने हात वर केले होते, त्याची दूर बदली झाली होती आणि त्याने नोकरी सोडली होती. पुन्हा मोठ्या दैनिकात त्याला काम मिळालं नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली.

अल्बममध्ये हार्लेमच्या गल्ल्यांवर गाणं आहे, 'हार्लेम स्ट्रीट्स'. कलाकाराला कंपन्या आणि कार्यक्रमवाले कसे नागवतात यावर 'द मेसेज अँड द मनी' नावाचं सरळ बोलणं आहे, जणू कामगारांच्या गेटसभेतलं भाषण. आणि मग ते 'द फोर्थ ब्रँच'. युद्ध चालू असताना, डिक्सी चिक्सचं काय झालं ते डोळ्यासमोर असताना, हा माणूस टीव्ही आणि पेपरांना नाव घेऊन सांगत होता की तुम्ही बातमी देत नाही, तुम्ही युद्धाचा प्रचार करताय.

*

अल्बमचं स्वागत कसं झालं?

मोठ्या रेडिओवर वाजला नाही. मोठ्या वाहिन्यांवर दिसला नाही. संगीतावर लिहिणाऱ्यांनी शब्दांना मान दिला, पण संगीताला नाक मुरडलं. ठोके साधे, कधी एकसुरी, हा आक्षेप तेव्हाही होता आणि बरोबरही आहे. काहींनी म्हटलं, हे गाणं कमी आणि भाषण जास्त.

पण कॉलेजांत तो पोचला. युद्धविरोधी मोर्चांत पोचला. त्या काळात इंटरनेटवर गाण्यांच्या फाइल एकमेकांना पाठवायची लाट होती. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, याच्या बाबतीत मात्र तीच जाहिरात ठरली. कॉपी ऐकलेला माणूस कार्यक्रमाला यायचा आणि सीडी विकत घ्यायचा. पॅलेस्टाइनपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत ऐकणारे तयार झाले. माझ्या पुतण्यापर्यंत आपल्या तालुक्यात तो वीस वर्षांनी पोचला, तेही कुठल्या कंपनीच्या जाहिरातीशिवाय.

पुढे २००८ मध्ये 'द थर्ड वर्ल्ड' अल्बम आला, त्याच्या कमाईतून त्याने एका संस्थेबरोबर काबूलमध्ये अनाथाश्रम उभा करायला मदत केली. २०११ चा 'द मार्टर' तर त्याने फुकट डाउनलोडला ठेवला. मोठ्या कंपनीशी करार शेवटपर्यंत केला नाही.

*

आता मुद्द्याचं. त्याचं म्हणणं खरं ठरलं का?

२६ मे २००४. अल्बम आल्यानंतर सहा महिन्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने संपादकांची टीप छापली. इराकबद्दलच्या आमच्या काही बातम्या जेवढ्या कसोशीने तपासायला हव्या होत्या तेवढ्या तपासल्या नाहीत, अशी कबुली. मूळ बातमी होती पहिल्या पानावर, कबुली आली आतल्या दहाव्या पानावर. ऑगस्टमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नेही आपल्या पानांत मान्य केलं की शंका घेणाऱ्या बातम्या आम्ही आत ढकलल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्याच तपास पथकाने सांगितलं, इराकमध्ये शस्त्रांचे साठे नव्हते. तोवर युद्ध होऊन गेलं होतं. पुढे त्यात लाखाच्या वर इराकी आणि साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक मेले.

म्हणजे देशातला सगळ्यात प्रतिष्ठित पेपर चुकला, आणि रस्त्यावर सीडी विकणारा, तुरुंगात जाऊन आलेला पोरगा बरोबर निघाला. गोष्ट इथे संपवली तर टाळ्या मिळतील. पण मी इथे थांबणार नाही, कारण ते अर्धसत्य होईल.

याच अल्बममध्ये 'कॉज ऑफ डेथ' नावाचं गाणं आहे. त्यात ११ सप्टेंबरचा हल्ला खरंच कुणी केला यावर संशयाची पेरणी आहे. २००५ मध्ये तर त्याने एका गाण्यात थेट बुशनेच मनोरे पाडले असा आरोप केला. याला पुरावा नाही. जुलै २००४ चा चौकशी आयोगाचा अहवाल आहे. त्यात सरकारी यंत्रणांच्या चुकांचे वाभाडे काढलेत, पण हल्ला अल-कायदाचाच हे कागदोपत्री मांडलंय. जो माणूस पेपरला विचारतो की पुरावा कुठे आहे, त्याला आपणही तेच विचारायला नको का? शिवाय अल्बममध्ये बायकांबद्दल आणि समलिंगी लोकांबद्दल अशी भाषा आहे की ती क्रांतीच्या नावाखाली खपवता येणार नाही. मी पुतण्यालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, "काका, तेव्हा असंच बोलायचे." मी म्हटलं, तेव्हा युद्धाच्या बाजूनेही असंच बोलायचे.

मग बरोबर कोण होतं? तर एक तिसरी गोष्ट सांगतो, आणि आमच्या धंद्यातल्या पोरांनी ही लक्षात ठेवावी.

नाइट रिडर नावाची वृत्तपत्रांची साखळी होती. तिचे पेपर वेगवेगळ्या शहरांत होते, पण न्यूयॉर्कमध्ये किंवा राजधानी वॉशिंग्टनमध्ये एकही मोठा पेपर नव्हता. तिच्या वॉशिंग्टन कार्यालयातले जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे बातमीदार युद्धाआधीच लिहीत होते की सरकारचा पुरावा कच्चा आहे, आतलेच अधिकारी सहमत नाहीत. त्यांना हे कसं कळलं? ते मंत्र्यांच्या जेवणावळीत बसत नव्हते. ते मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांना, तज्ज्ञांना फोन लावत होते. आपल्याकडे तहसीलदाराऐवजी अव्वल कारकुनाला विचारतात, तसं. बातम्या बरोबर होत्या. पण राजधानीत तो पेपरच विकला जात नव्हता, त्यामुळे ज्यांनी वाचायला हवं त्यांनी वाचलंच नाही. साखळीतल्या काही पेपरांनीही या बातम्या लावल्या नाहीत, कारण 'टाइम्स'मध्ये वेगळं येतंय ना! आणि एक योगायोग बघा, गॅरी वेबचा पेपरही याच साखळीतला.

२००६ मध्ये ही साखळी विकली गेली.

तर हिशोब असा. 'टाइम्स'कडे ताकद होती, पडताळणीची परंपरा होती, पण ती वापरली नाही. रॅपरकडे हिंमत होती, स्वतःचं वितरण होतं, पण पडताळणी नव्हती. म्हणून तो एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी साफ चूक. नाइट रिडरच्या दोघांकडे पडताळणी होती, हिंमत होती, पण ऐकणारे कान त्यांच्या हातात नव्हते. तीन गोष्टी एका जागी आल्याच नाहीत.

*

हे सगळं मी आज का सांगतोय?

काही वर्षांपूर्वी मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. नाव घेत नाही. प्रतिनिधी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पगार नावापुरता, जाहिरातीवर कमिशन, आणि दिवाळी, १५ ऑगस्ट, नेत्यांचे वाढदिवस यांचं टार्गेट. एका पाणीयोजनेची बातमी केली होती. कागद होते, टाकीचे फोटो होते, गावातल्या बायका तीन किलोमीटरवरून पाणी आणताना होत्या. बातमी गेली, लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ठेकेदाराची अर्ध्या पानाची वाढदिवसाची जाहिरात लागली. आणि ऐका, ती जाहिरात आणली होती मीच. महिनाभर आधी. टार्गेटसाठी.

कुणी मला धमकावलं नाही. कुणी फोन केला नाही. डेस्कवरून फक्त एवढंच सांगितलं, "जागा नव्हती." चौथी शाखा अशी तयार होते मंडळी. कुणी हुकूम देत नाही, सगळ्यांना आपोआप कळतं. पुतण्याने ते गाणं लावलं तेव्हा मला ती टाकी आठवली.

बरं, आपल्या मातीत याचं उत्तर नव्हतं असं नाही. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 'दीनमित्र' सुरू केला. पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीला छापखाना. पुण्या-मुंबईच्या पेपरांत शेतकऱ्याच्या बाजूचं येत नाही म्हणून रडत बसले नाहीत, खेड्यात बसून पेपर चालवला, तोही वर्षानुवर्षं. शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमरशेख यांच्या लालबावटा कलापथकावर तेव्हाच्या मुंबई सरकारने बंदी आणली, तरी गाणं कामगार वस्तीतून थांबलं नाही. कारण ते कुठल्या केंद्रावर अवलंबून नव्हतं, लोकांच्या तोंडात होतं.

आणि अगदी अलीकडचं बघा. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याच राज्यात दोन मराठी रॅपर पोरांवर गाण्यापायी गुन्हे दाखल झाले. राजकारणावरची गाणी, मोबाईलवर केलेली, लाखोंनी ऐकलेली. त्या आठवड्यात किती पेपरांनी अग्रलेख लिहिला हो?

आज वितरण सगळ्यांच्या हातात आलंय. ही पोस्टच बघा, मधे ना डेस्क, ना मालक. जी गोष्ट त्या पोराला हार्लेमच्या फुटपाथवर पायपीट करून मिळवावी लागली, ती आपल्याला बोटावर मिळालीय. हिंमतही बऱ्यापैकी आहे, शिव्या द्यायला तर भरपूर. पण पडताळणी? सकाळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नजर टाका. 'मीडिया दाखवत नाही' या तीन शब्दांखाली काहीही खपतं. मीडिया दाखवत नाही हे अनेकदा खरंच असतं. पण मीडियाने दाखवलं नाही म्हणून ते आपोआप खरं होत नाही.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. या पानावर मी जाहिरात घेत नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकत नाही. आणि कागद किंवा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस हाताशी असल्याशिवाय कुणावर आरोप करत नाही. त्यामुळे पोस्टी कमी येतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चुकलो तर पहिल्याच पोस्टमध्ये सांगेन, दहाव्या पानावर नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पाणीयोजनेचे कागद इथे टाकतोय. जुने आहेत, पण टाकी अजून कोरडीच आहे. माहिती अधिकारात नवे कागदही मागवलेत. त्या भागातल्या लोकांनी आपल्या गावात पाणी किती दिवसांनी येतं ते फोटो आणि तारखेसकट इनबॉक्समध्ये पाठवा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं पाठवा.

आणि हो, ते गाणं ऐकायचं असेल तर पोरांना विचारा, त्यांना माहीत असतं. फक्त घरात मोठ्याने लावू नका, शिव्या फार आहेत.